देवकीचे मागणे

गेल्या आषाढीला आमची पायी वारी चुकली. २०२० व २०२१ या दोन साली महामारीमुळे माउलींच्या व तुकोबारायांच्या पादुकाच एस. टी.ने पंढरीस गेल्या. ती दोन वर्षे सोडली, तर गेल्या चाळीस वर्षांत असे प्रथमच घडले. पंढरपुरातील चातुर्मासाची सेवाही आमच्याकडून झाली नाही. अनेकांनी विचारपूस केली. कोणी प्रकृतीची चौकशी केली, तर कोणी जरा आडून, महाराजांचा कोणावर रुसवा तर नाही ना, असेही विचारून पाहिले. रुसवा नाही आणि प्रकृतीही ठणठणीत आहे. घरी बाळ जन्मास आले, एवढेच कारण. हे ऐकून काही जण हसले. नातवंड झाले म्हणून कोणी वारी चुकवतो काय? आणि तेही आठवे नातवंड! त्यांचे हसणे रास्तच आहे. दुसऱ्या कोणी असे केले असते, तर मीही हसलो असतो. म्हणून जे घडले ते येथे निवेदन करतो, आणि त्या ओघात जी भगवत्कथा आठवली तिचे थोडे चिंतन करतो.

आमची धाकटी मुलगी छत्तीस वर्षांची. तिचा पहिला मुलगा अकरा वर्षांचा आहे. इतक्या वर्षांनी तिला पुन्हा दिवस राहिले. तिच्या आईला देवाघरी जाऊन चार वर्षे झाली. आईवाचून कसले माहेर, असे लोक म्हणाले; पण पोरीने हट्टाने माहेरीच यायचे ठरवले. मदतीला माझी थोरली बहीण आक्का आली. आक्काचे वय बहात्तर. स्वतःची सहा, शिवाय जावांची, नणंदांची, सुनांची अशी किती बाळंतपणे तिच्या हाताखालून गेली त्याची गणती नाही. मी चार मुलांचा बाप. मुलगी एका मुलाची आई. घरात अनुभवाला तोटा नव्हता. दिवस आषाढ वद्य दशमीच्या सुमारास भरायचे होते. वारी करावी, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घ्यावा आणि बाळ येण्याआधी घर गाठावे, असा माझा सरळ हिशेब होता.

तो हिशेब बाळाने मोडला. ज्येष्ठ वद्य पंचमीच्या पहाटे, पाच आठवडे आधीच, पोट चिरून मुलगी जन्मली. वजन १ किलो ९०० ग्रॅम. आळंदीला जायची माझी पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. तालुक्याच्या गावी रुग्णालयात एक लहानशी खोली मिळाली. जावई धावत आले, चार दिवस राहिले आणि रजा संपली म्हणून परत गेले.

मुलगी मला म्हणाली, "अप्पा, तुम्ही जा. वारी चुकवू नका. आत्या आहे, मी आहे. मला सगळं येतं. आणि माझ्या वेळीसुद्धा तुम्ही गेलाच होतात की."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. खोच असती तर बरे झाले असते. त्या गोष्टीकडे मी पुढे येतो.

पण माझा पाय अडला तो या बोलण्याने नव्हे. त्याच्या आदल्या रात्रीच एक प्रसंग घडला होता.

रुग्णालयातील सिस्टरबाईंनी बजावले होते की, बाळ कमी वजनाचे आहे, दर दोन तासांनी पाजा. झोपले असले तरी उठवून पाजा. आम्ही मान डोलावली. बाळ रात्री दहाला झोपले. बाराला मुलीने उठवायचा यत्न केला. बाळाने डोळे उघडले नाहीत. आक्का म्हणाली, "निजलेल्या लेकराला उठवू नये गं. भूक लागली म्हंजी रडंल की आपसूक." मीही त्याला अनुमोदन दिले. चार लेकरांचा बाप ना मी! दोन वाजले, तीन वाजले. काय गुणी बाळ आहे, असे आम्ही आपसात बोललो. मी कोपऱ्यात बसून हरिपाठ म्हटला, आणि बाळ ऐकते आहे असे वाटून मला धन्यताही वाटली.

पहाटे सिस्टरबाई आल्या. त्यांनी बाळाच्या तोंडाकडे पाहिलेच नाही. दुपट्यात हात घालून पाऊल धरले आणि त्यांचा चेहरा पालटला. "शेवटचं कधी पाजलं?" आम्ही सांगितले. "पाच तास? पाय बघितले का पाय? बर्फ झालेत." मी पुढे होऊन हात लावला. एवढेसे पाऊल, माझ्या अंगठ्याएवढे, आणि विहिरीच्या पाण्यासारखे गार.

बाळ गुणी नव्हते. रडायचे बळ त्याच्यात उरले नव्हते.

बाईंनी बाळाला उघडे करून मुलीच्या उघड्या छातीशी धरले, वरून पांघरूण घातले, डोक्याला टोपी घातली. मुलीचे दूध वाटीत काढून चमच्याने थेंब थेंब पाजले. अर्ध्या तासाने बाळ कण्हले, हलले आणि बारीक आवाजात रडले. तो आवाज ऐकून आक्का भिंतीला टेकून खाली बसली.

आता वाचकहो, मी लहानपणी पाठशाळेत तर्कसंग्रह शिकलेला माणूस. गुरुजींनी छडी मारून शिकवले होते की, जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती खरी. पण जेथे अग्नी तेथे धूर असे उलटे म्हणशील तर फसशील. का? तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. हा दृष्टांत मी पन्नास वर्षे तोंडपाठ म्हणत आलो. आणि त्या रात्री काय केले? जेथे भूक तेथे रडणे, अशी उलटी व्याप्ती बांधून स्वस्थ बसलो. समोर तो लोखंडाचा गोळा दुपट्यात निजलेला होता. पोटात अग्नी होता आणि धूर नव्हता. चार लेकरे वाढवल्याचा अनुभव मला कोठे उपयोगी पडला? उलट त्या अनुभवानेच डोळ्यांवर झापड आणली. पहिलटकरणीचा अडाणी नवरा असता, तर तो घाबरून दहा वेळा बाईंना बोलवायला धावला असता, आणि बाळाचे पाय गार झाले नसते.

मुलीचीही तीच गत झाली. तिचा पहिला मुलगा तीन किलोंचा, जन्मतःच अधाशी. छातीशी नेला की धरायचा. ही पोर तोंड लावी, दोन घोट ओढी आणि थकून झोपी जाई. तिसऱ्या दिवशी मुलगी रडू लागली. "अप्पा, मला येत होतं हो सगळं. हिला मी नकोशी आहे का?" सिस्टरबाई तेथेच होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, ते पोरगं वेगळं, ही पोरगी वेगळी. त्याला आठवत बसू नका. हिच्याकडे बघा." मग त्यांनी बाळाची हनुवटी कशी धरायची, जबडा पूर्ण उघडला की मगच छातीशी कसे घ्यायचे, हे पहिल्यापासून शिकवले. दोन बुकं शिकलेली, नोकरी केलेली, एक मूल वाढवलेली बाई पाटीवर श्रीगणेशा गिरवणाऱ्या मुलासारखी शिकत होती. मी ते पाहत होतो.

त्याच दुपारी माझीही पाटी फुटली. मुलीला विश्रांती हवी होती. बाई म्हणाल्या, बाळ दिवसातून निदान आठ तास, आणि जमेल तितके अधिकच, कोणाच्या तरी उघड्या छातीवर राहिले पाहिजे. याला कांगारू पद्धत म्हणतात. आईच पाहिजे असे नाही. बाप चालतो, आजी चालते. आक्काला बसवेना. बाईंनी माझ्याकडे पाहिले. "आजोबा, सदरा काढा."

मी चमकलो. "मी?"

"तुम्हीच. आधी हात धुऊन या. कोपरापर्यंत, साबणाने."

"माळ?"

"माळ राहू द्या. मणी पाठीवर घ्या, बाळाला रुतायला नकोत."

आयुष्यात पहिल्यांदा मी तुळशीची माळ पाठीवर टाकली आणि छाती मोकळी केली. त्या छातीवर चाळीस वर्षे वीणा टेकली आहे. तेथे ते जेमतेम दोन किलोंचे बाळ बाईंनी पालथे ठेवले; मान एका बाजूला, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून कापडाने बांधले. मला श्वास घ्यायची भीती वाटू लागली. बाई म्हणाल्या, "घ्या की श्वास. तुमचा श्वास कळला म्हणजे तीही नीट घेते." मग बाळाचे काळीज माझ्या काळजाशी उडू लागले. किती जलद! माझा एक ठोका, तिचे दोन. मला ठेका धरता येईना. टाळांच्या शंभर जोड्यांत ठेका न चुकणारा मी!

असो. 'हात धुऊन या' हे शब्द मात्र मला लागले. कारण तेच शब्द मी छत्तीस वर्षांपूर्वी ऐकले होते.

ही मुलगी जन्मली तेव्हा मी तिशीतला, नव्याने नावारूपाला येत असलेला कीर्तनकार. ती आठ दिवसांची असताना मी दूरच्या एका गावी सप्ताहाला गेलो. नारळ दिला होता, शब्द दिला होता. मी निघालो तेव्हा पोरीचे डोळे पिवळट दिसत होते. बायकोने दाखवले. मी म्हणालो, "थोरल्याचे पण झाले होते, उन्हात धरलं की जातं." तीन दिवसांत पोर हळदीसारखी पिवळी झाली, दूध सोडले. बायको आणि आक्का तिला बैलगाडीने आणि पुढे एस. टी.ने तालुक्याला घेऊन गेल्या. ओली बाळंतीण पाच दिवस तेथे फरशीवर निजली. मला निरोप पोचला होता. मी सप्ताह मोडला नाही. गावकऱ्यांनी माझा सत्कार केला. मी असा निष्ठेचा, म्हणून. आठवडा संपवून घरी आलो, सत्काराचे उपरणे अजून खांद्यावर होते. बाळ घ्यायला हात पुढे केले. बायको एवढेच म्हणाली, "हात धुऊन घ्या." पुढे तिने तो विषय कधी काढला नाही. आता मला काढायचा आहे, तर ती नाही.

त्या सप्ताहात सहाव्या रात्री मी गोरोबाकाकांची कथा लावली होती. सर्वांना ठाऊक आहे. तेरचे गोरोबा चिखल तुडवीत आहेत. बायको संती पाण्याला जाताना मुलाकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून जाते. गोरोबा नामात तल्लीन. मूल रांगत येते आणि चिखलात तुडवले जाते. त्यांना भान नाही. ही कथा मी आजवर शेकडो वेळा सांगितली असेल. गोरोबांची तन्मयता वर्णन करताना माझा आवाज चढायचा, टाळकरी उठून नाचायचे. संतीचा आक्रोश मी दोन वाक्यांत उरकायचो, कारण तेथे कीर्तन पडते.

बाळ छातीवर असताना ही कथा आठवली आणि ती मला पुढे सरकवता येईना. संती घागर घेऊन दारात उभी आहे, तेथेच मी अडकलो. तिने सांगितले होते हो! जाताना तिने सांगितले होते.

कोणी शंका घेईल की, महाराज, आपण गोरोबांच्या भक्तीत दोष काढता काय? नाही. तो माझा अधिकार नाही. गोरोबांचे देहभान गेले होते, हे सत्य. माझे गेले नव्हते. त्या सप्ताहात मला परतीच्या एस. टी.चे वेळापत्रक पाठ होते. कोणत्या रात्री कोणाचे कीर्तन माझ्याहून रंगले, हेही पाठ होते. ज्याला एवढे भान आहे, त्याने गोरोबांच्या आड लपू नये. दुसरे असे की, कथा चिखलाशी संपतच नाही. ती पंढरपुरात संपते. नामदेवरायांच्या कीर्तनात गोरोबांना तुटलेले हात परत मिळतात आणि संतीला तिचे मूल रांगत येऊन मिळते. म्हणजे त्या मातेचा हिशेब पांडुरंगाने स्वतः येऊन चुकता केला. त्याने तिला 'तुझा नवरा थोर भक्त आहे, मुलाचे काय घेऊन बसलीस' असे सांगितले नाही. इतकी वर्षे ही कथा सांगून हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

दुसरी एक शंका वारंवार विचारली जाते. उतारवयात नातवंडात जीव गुंतवणे हा मोह नव्हे काय? याचे उत्तर नाथमहाराजांच्या चरित्रात आहे. पैठणला भर उन्हात गोदावरीच्या वाळवंटात एक चुकलेले मूल पोळत रडत होते. मूल अस्पृश्य मानल्या गेलेल्या आईबापांचे. नाथमहाराज स्नान करून येत होते. एवढे मोठे पंडित, भागवताचे भाष्यकार. त्यांनी मूल कडेवर घेतले, त्याचा नाकतोंडाचा शेंबूड पुसला आणि घरी पोचवले. आता, ज्याला तहान-भूक सांगता येत नाही त्याचे पाय पोळत आहेत की गारठत आहेत हे पाहणे, याला मोह म्हणावे की भजन, हे ज्याचे त्याने ठरवावे. मोह असेल तर एवढीच ओळख सांगतो: मोहाला आपल्याच घरचे मूल दिसते. आमच्या शेजारच्या खोलीत एक ऊसतोड करणारी पोर होती, वय विशीच्या आत, पहिलीच वेळ. आक्का दिवसातून चारदा तिच्या बाळाचे पाय पाहून येई. आता हा आक्काचा मोह झाला की काय झाले?

आता ज्या कथेसाठी एवढे बोललो, तिच्याकडे वळतो.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील तिसरा अध्याय. मध्यरात्र, कारागृह. देवकी प्रसूत होते. आपण हा प्रसंग गोकुळाष्टमीला इतका ऐकतो की एक गोष्ट निसटून जाते. देवकी पहिलटकरीण नव्हे. तिचे हे आठवेपण. सहा मुले तिने आपल्या पोटी जन्मास घालून गमावली. सातवा गर्भ रोहिणीच्या उदरी नेला गेला. तिच्याइतका अनुभव कोणाचा? आणि तो अनुभव काय सांगत होता? की मूल जन्मते, दार उघडते, भाऊ येतो, मूल जाते. सहा वेळा पाहिलेले. व्याप्ती पक्की! सातव्याच्या वेळी ती व्याप्ती मोडली, पण त्या मुलाचे तोंडही तिला दिसले नाही.

आणि आठव्या वेळी समोर चतुर्भुज भगवान उभे. शंख, चक्र, गदा, पद्म, किरीट, पीतांबर. वसुदेव हात जोडून स्तुती करतात. देवकीही करते, आणि सुंदर करते. पण स्तुती संपता संपता ती एक मागणे मागते. हे तुझे अलौकिक रूप आवरून घे. तिचे म्हणणे असे की, कंसाला कळायला नको. आणि अखिल विश्व ज्याच्या पोटात तो माझ्या पोटी आला हे लोकांना खरे तरी वाटेल का? भगवान तिला तिच्या पूर्वजन्मांची कथा सांगतात आणि मग आईबापांच्या डोळ्यांदेखत साधे, सामान्य बाळ होतात.

अर्जुनानेही विश्वरूप पाहून असेच मागणे मागितले होते. तो भ्याला होता. देवकीचे मागणे कंसाच्या भयाने, असा अर्थ मी पाठशाळेत शिकलो, तो ग्रंथात स्पष्ट आहे आणि मला मान्य आहे. पण त्या खोलीत, बाळ छातीवर बांधलेले असताना, मला आणखी एक अर्थ सुचला. तो शास्त्राचा म्हणून सांगत नाही, आपला माझा म्हणून सांगतो. चार हातांच्या देवाला पाजायचे कसे? ज्याच्या हातात चक्र आहे त्याचे पाय गार पडले का, हे कोण पाहणार? तो पूर्ण आहे. त्याला आई लागत नाही. देवकीला पूजा करायला देव नको होता. तिला घ्यायला मूल हवे होते. आणि सहा दुःखांनी जड झालेले तिचे हात तिने सातव्यांदा, नव्हे आठव्यांदा, पुन्हा पसरले. मागचे सगळे ठाऊक असताना पसरले. मागची सहा मुले ती विसरली असेल काय? कोणती आई विसरेल? पण समोरच्या मुलाकडे तिने त्या सहांच्या आठवणीतून पाहिले नाही, म्हणून तर तिला मागता आले.

आणि मिळाले किती वेळ? वसुदेवांनी टोपलीत घालून यमुनेपार नेईपर्यंत. तेवढाच.

असो. पुढे बाळ वाढीस लागले. आधी वजन घटून १ किलो ७५० झाले होते. कमी दिवसांच्या बाळांचे असे होते, हे आम्हाला बाईंनी आधीच सांगितले होते म्हणून धीर राहिला. मग दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम वाढू लागले. जन्माचे वजन भरून आल्यावर चौदाव्या दिवशी आम्हाला घरी सोडले. वीस-पंचवीस ग्रॅम म्हणजे किती? आक्काने तळहातावर तूरडाळ घेऊन अंदाज दाखवला. मूठभरही नाही. त्यासाठी तीन माणसे रात्रंदिवस जागत होती.

घरी आल्यावर आक्काने आपली सहाण धुऊन काढली. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ असा गुटीचा सगळा सरंजाम, आणि चांदीचे बोंडले. मुलगी म्हणाली, "आत्या, सहा महिने दुधाशिवाय काही नाही. पाणीसुद्धा नाही. मधाचं बोट तर वर्षभर नाही." आक्का दुखावली. सहा मुले गुटीवर वाढवली, ती काय मेली? त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटले आता घरात भारत सुरू होणार. पण संध्याकाळी तीच उठली, बोंडले चिंचेने घासून लखख केले, फडक्यात गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवून दिले. म्हणाली, "माझी तिसरी तीन महिन्यांची होऊन गेली. ती कशानं गेली कुणी सांगितलंच न्हाई. राहू दे गुटी." इतक्या वर्षांत तिने हे कधी बोलून दाखवले नव्हते. तिची सहा म्हणून आम्ही मोजत होतो. ती सातवी आम्हालाही विसरली होती.

तिकडे पालख्या वाटेवर होत्या. माझी वीणा दिंडीतल्या एका स्नेह्याकडे दिली होती. दिवस मोजायची सवय सुटत नाही. आज मुक्काम कोठे, आज रिंगण कोठे, असे मनात चाले. एका रात्री बाळाला घेऊन ओसरीवर येरझाऱ्या घालत असता नारायणमहाराजांची आठवण झाली. तुकोबारायांच्या प्रयाणाच्या वेळी आवली गरोदर होत्या. घरात मोठी मुले, नवरा वैकुंठाला गेलेला, आणि त्यानंतर नारायण जन्मले. या बाळाने बापाचे तोंड पाहिले नाही. आणि त्याच बाळाने मोठेपणी, १६८५ साली, वडिलांच्या पादुका पालखीत घालून आळंदीस नेल्या आणि ज्ञानोबा-तुकोबांचा जयघोष एका वाटेवर आणला. आपण आज जो सोहळा करतो तो त्या पोरक्या बाळाचा. त्याला रात्री कोणी उठून पाजले? देहूच्या त्या घरात, ते दुःख पोटात घालून, पुन्हा पहिल्यापासून कोणी न्हाऊ घातले? आणि आम्ही कीर्तनकार त्या माउलीचे काय करतो, तर तिला कर्कशा करून हशा मिळवतो. मीही मिळवला आहे. भंडारा डोंगरावर नवऱ्याची भाकरी घेऊन चढणाऱ्या बाईच्या तोंडी मी काय काय घातले, ते आठवून लाज वाटते. यापुढे घालणार नाही.

एकादशीच्या दिवशी सकाळी आशाताई वजन करायला घरी आल्या. झोळीच्या काट्याला बाळ लटकवले. २ किलो ७० ग्रॅम. आक्काने काट्यालाच नमस्कार केला. मुलगी न्हायला गेली आणि बाळ माझ्याकडे आले. आता सदरा काढायला कोणी सांगावे लागत नाही. हात धुतले, माळ पाठीवर टाकली.

दुपारी पंढरपुराहून फोन आला. आमचे वीणेकरी स्नेही पदस्पर्शाच्या रांगेत उभे होते. रांग गोपाळपुरापलीकडे गेली होती. पाठीमागे टाळ वाजत होते, त्यात त्यांचे बोलणे नीट ऐकू येईना. "माउली, चाळीस वर्षांत तुम्ही नाही असं पहिल्यांदाच. वाईट वाटतं. तुमच्या वतीनं पायांवर डोकं ठेवतो. काही सांगायचंय का पांडुरंगाला?"

मी घड्याळाकडे पाहिले. दोन तास होऊन गेले होते. "थांबा जरा," असे म्हणून मी फोन खाली ठेवला आणि दुपट्यात हात घालून पाऊल धरले. गरम होते.